रॉक्सबर्गच्या मिरवेलीचे नाव : नागपूर मुक्कामातील नोंदी

सोमवार

मिरीचा अभ्यास करायला कोणी नागपूरला जात नाही. मलबार, कोकण किंवा फार तर पूर्व घाट, अशीच दिशा कोणीही सुचवेल. तरीही भाद्रपदातल्या या आठवड्यात मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर गाठले, कारण ज्या रानमिरीच्या नावाचा प्रश्न आम्हाला गेली काही वर्षे सतावतो आहे, तिच्या जिवंत वेलींना या वेळी इथे कणसे आली होती. गोदावरीच्या उत्तरेकडील डोंगरांतून रीतसर परवानगी घेऊन आणलेली कांडी सरांनी अमरावती रोडलगतच्या आपल्या घरामागे शेडनेटमध्ये लावली होती. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो अशा गावात त्यांनी ती दुहेरी जाळी, फवारे आणि जमिनीवर पालापाचोळ्याचा जाड थर यांच्या बळावर जगवली. सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत आणि त्यांनी आयुष्यभर विदर्भातील वनस्पती गोळा केल्या, पण मिरीच्या कुळाकडे ते निवृत्तीनंतरच वळले.

चहा झाल्यावर लगेच आम्ही शेडनेटमध्ये गेलो. पावसाची उघडीप होती, आत मात्र दमट उकाडा होता. सागाच्या खुंटांवर चढवलेल्या वेलींपैकी तिघींना पानांच्या समोरच्या बाजूने लोंबणारी कणसे आली होती. मिरीच्या फुलाला पाकळ्या नसतात, निदलेही नसतात. एक बारीकसा छद, म्हणजे फुलाखालचे खवल्यासारखे पान, आणि त्याच्या आड पुंकेसर (नर भाग) किंवा अंडाशय (मादी भाग), एवढाच त्याचा संसार असतो. त्यामुळे उघड्या डोळ्यांना तिन्ही कणसे जवळपास सारखीच दिसतात. भिंग लावल्यावर फरक कळतो. पहिल्या वेलीच्या कणसावर केवळ पिवळसर परागकोश होते. दुसरीवर हिरव्या अंडाशयांच्या टोकांना पांढरे, बोटांसारखे फाकलेले, पराग टिपणारे किंजल्क होते आणि पुंकेसरांचा मागमूसही नव्हता. तिसरी वेल डोंगरातली नव्हे. तुलनेसाठी कोकणातून आणलेली लागवडीची मिरी होती ती, आणि तिच्या एकेका फुलात अंडाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक पुंकेसर बसलेला होता.

आमचा प्रश्न या तीन कणसांभोवतीच फिरतो. विल्यम रॉक्सबर्ग या वैद्याने आणि वनस्पतिशास्त्रज्ञाने पूर्व किनाऱ्यावरील सामलकोट येथे असताना त्या गावाच्या उत्तरेच्या डोंगरांत एक रानमिरी शोधली आणि तिला पायपर ट्रायोइकम असे नाव दिले. नर, मादी आणि मिश्र अशा तीन प्रकारच्या वेली असणारी, हा त्या नावामागचा विचार. पुढच्या बऱ्याच लेखनात हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिलेल्या पायपर नायग्रम या नेहमीच्या मिरीच्या नावात विलीन करून टाकले गेले. काहींनी मात्र डोंगरातली वेल वेगळी मानून हे नाव तिच्यासाठी राखावे असे म्हटले. दोन्ही बाजूंना काही आधार आहे. परंतु रॉक्सबर्गचे नाव नेमक्या कोणत्या नमुन्याला बांधलेले आहे हे आधी ठरल्याशिवाय या वादात एक पाऊलही पुढे टाकता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मंगळवार

आजचा सगळा दिवस वाचनात गेला. मूळ वर्णन ज्या ग्रंथात आले त्या 'फ्लोरा इंडिका'चा पहिला खंड श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून १८२० मध्ये बाहेर पडला. रॉक्सबर्ग १८१५ मध्येच निवर्तला होता. हस्तलिखित मिशनरी विल्यम कॅरीने छापायला घेतले आणि त्यात वनस्पतिशास्त्रज्ञ नथॅनिएल वॉलिकने आपली भर घातली. ही हकिगत केवळ इतिहासाची आवड म्हणून सांगत नाही. वर्णन लिहिताना लेखकापुढे काय होते आणि छापताना संपादकांनी काय जोडले, हे वेगळे काढल्याशिवाय मूळ सामग्री, म्हणजे नावामागचे नमुने आणि चित्रे, कोणती हे सांगता येत नाही. त्याआधी १८१४ मध्ये कलकत्त्याच्या बागेतील वनस्पतींची यादी प्रसिद्ध झाली होती, पण तिच्यातील नवी नावे बहुतांशी वर्णनाविना आहेत आणि वर्णनाविना दिलेले नाव नामकरणाच्या नियमांत धरले जात नाही. म्हणून आमच्या कामाची सुरुवात १८२० पासून होते.

रॉक्सबर्गने या वेलीविषयी जे लिहून ठेवले त्याचा तपशील एकोणिसाव्या शतकातील उपयुक्त वनस्पतींवरच्या पुस्तकांतूनही आलेला आहे, आणि तो वाचताना या माणसाच्या निरीक्षणशक्तीविषयी आदर वाटतो. डोंगरांमधल्या दऱ्यादऱ्यांत, ओलसर आणि कसदार जमिनीत, झाडांच्या दाट सावलीत ही वेल मुबलक होती. फुले सप्टेंबर-ऑक्टोबरात येत आणि फळे मार्चमध्ये पिकत. ईस्ट इंडिया कंपनीला मिरी हवीच होती, तेव्हा त्याने तिची लागवड सुरू केली आणि १७८९ पर्यंत सुमारे ५० एकरांत ४०,००० ते ५०,००० वेली उभ्या राहिल्या. त्यानंतर त्याने जे नोंदवले ते आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. केवळ मादी फुले असलेल्या वेलींची फळे नीट न पिकता हिरवी असतानाच गळत आणि वाळवल्यावर त्यांना मिरीचा तिखटपणा नसे. ज्या वेलींच्या कणसांवर द्विलिंगी आणि मादी फुले मिसळलेली होती, त्यांची मिरी मात्र अतिशय तिखट निघे आणि व्यापारी तिला मलबारच्या उत्तम मिरीच्या तोडीची मानत.

संध्याकाळी सरांची एक जुनी विद्यार्थिनी आली. ती आता शहरातल्याच एका महाविद्यालयात शिकवते. तिने हा उतारा दोनदा वाचला आणि म्हणाली, "सर, मला तर या दोन वेगळ्या वेली वाटतात." सर काही बोलले नाहीत, पण त्यांनी वहीत तिचे वाक्य तारखेसह लिहून घेतले. जाता जाता एक नोंद : संस्कृतचा पंडित आणि वनस्पतींचा जाणकार हेन्री कोलब्रुक १७९९ ते १८०१ या काळात कंपनीचा प्रतिनिधी म्हणून नागपूरच्या भोसले दरबारात होता. त्या काळातल्या पत्रव्यवहारांचे आणि वनस्पतींच्या देवघेवीचे जाळे किती दूरवर पसरलेले होते, याची आठवण या गावात बसून वाचताना सारखी होत राहते.

बुधवार

कामठी, कन्हान, मनसर असे करत सकाळी रामटेकला पोहोचलो. गडावर जाण्यासाठी नव्हे, तर तिथले पानबरेजे, म्हणजे विड्याच्या पानांचे झाकलेले मळे, पाहण्यासाठी. रामटेकचे कपुरी पान विदर्भात प्रसिद्ध आहे, आणि नागवेल म्हणजे पायपर बीटल ही मिरीचीच सख्खी बहीण आहे, तीही विभक्तलिंगी. म्हणजे एका वेलीवर नर फुले आणि दुसरीवर मादी फुले. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कांड्यांनी वाढवलेल्या अशा वनस्पतीत नर-मादीचा हिशेब कसा हरवतो, हे विद्यार्थिनीला प्रत्यक्ष दाखवावे, असा सरांचा हेतू होता.

बरेज्याचे मालक बरई समाजातले एक आजोबा होते. आत शिरण्याआधी चप्पल बाहेर काढायला त्यांनी आम्हाला नम्रपणे, पण ठामपणे सांगितले. चारी बाजूंनी आणि वरून झाकलेल्या त्या हिरव्या अंधारात वेलींच्या रांगा होत्या आणि मातीला ओलाव्याचा दाट वास होता. नर वेल कोणती आणि मादी कोणती असे विचारल्यावर आजोबा म्हणाले, "फूल कोन पायते जी, पान पायते सारे. वेल लावाले बी लागत नाही, कांडी लागते." त्यांच्या या उत्तरात वनस्पतिशास्त्र पुरेपूर आहे. कांडीने लावलेला सबंध बरेजा एकाच मूळ वेलीचा विस्तार असू शकतो, आणि मग त्यात एकाच लिंगाच्या वेली असतात. रॉक्सबर्गच्या ५० एकरांतही कांड्यांचीच लागवड असणार. रानात विखुरलेल्या वेलींपैकी ज्या हाताशी आल्या त्यांची हजारो अपत्ये तिथे उभी असणार, आणि जवळपास नर वेल नसेल तर मादी वेलीची फळे न भरता गळणे हे स्वाभाविकच होते. मादी फळांविषयीच्या त्याच्या तक्रारीचा उलगडा जाती वेगळी मानल्याविनाही होऊ शकतो, हे मला इथे स्पष्ट झाले. तिखटपणाचे कोडे मात्र तेवढ्याने सुटत नाही.

परतीच्या वाटेवर पानपिंपरीचा विषय निघाला. अंजनगाव सुर्जी आणि अकोटच्या बाजूला ही लांबट पिंपळी, म्हणजे पायपर लाँगम, पानमळ्यांच्या जोडीने पिकवतात, आणि बाजारात येते ते तिचे मादी कणीस. डच वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेल याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हिला रॉक्सबर्गच्या सन्मानार्थ चाविका रॉक्सबर्गाय असे नाव दिले होते. लिनियसचे नाव आधीचे असल्यामुळे ते आता केवळ समानार्थी नाव म्हणून उरले आहे.

गुरुवार

या मुक्कामातला हा सर्वांत जड दिवस. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली तिन्ही वेलींची ताजी कणसे घेतली. मादी कणीस मी सुईने उकलत गेले. प्रत्येक फुलाखालचा छद कणसाच्या दांड्याला चिकटलेला होता आणि त्याच्या फक्त कडा सुटून वर आल्या होत्या, त्यामुळे फुलाखाली एक उथळ वाटी तयार झाली होती. अंडाशय त्या वाटीत बसलेला, देठ नाही, आणि वर किंजल्काचे चार फाटे, क्वचित तीन. नर कणसात छद अधिक दाटीने बसलेले होते आणि वाटीचा आकार चेपलेला होता. कणीस वाळल्यावर तर तो ओळखूच येणार नाही. मिरीच्या गटात जाती ओळखण्याची मुख्य लक्षणे छदाची ठेवण आणि फळ हीच असतात. पाने एकाच वेलीवर खाली रुंद, वर निमुळती अशी बदलत जातात, त्यामुळे केवळ पानांवर कोणी निष्कर्ष काढला की मला धास्ती वाटते.

दुपारी आम्ही प्रारूप नमुन्याच्या प्रश्नाला हात घातला. प्रारूप, म्हणजे टाइप, हा त्या जातीचा आदर्श किंवा सर्वसाधारण नमुना असतो अशी समजूत विद्यार्थ्यांत फार आढळते. तो तसा नसतो. तो नावाचा खुंटा असतो. तो जिथे रोवला असेल तिथेच नाव राहते, मग जातीच्या सीमा संशोधक कितीही पुढे-मागे सरकवोत. आजच्या नियमांनुसार १ जानेवारी १९५८ पासून नवी जाती प्रसिद्ध करताना प्रारूप सांगावाच लागतो, पण रॉक्सबर्गच्या काळी असे बंधन नव्हते आणि त्याने एकही नमुना प्रारूप म्हणून नेमलेला नाही. अशा वेळी मागाहून लेक्टोटाइप, म्हणजे नंतर निवडलेला प्रारूप, ठरवायचा असतो, आणि तो लेखकापुढे असलेल्या मूळ सामग्रीतूनच निवडावा लागतो. ती सामग्री म्हणजे त्याचे वाळवलेले नमुने आणि त्याने या वनस्पतीशी जोडलेली चित्रे. ही सामग्री पूर्णपणे नष्ट झाली असेल तरच निओटाइप, म्हणजे मूळ सामग्रीबाहेरचा नवा प्रारूप, नेमता येतो, एरवी नाही.

रॉक्सबर्गच्या बाबतीत ही अट फार कसोटी पाहणारी आहे. कोरोमंडल किनाऱ्यावर आलेल्या एका मोठ्या पुरात त्याचा संग्रह आणि ग्रंथ वाहून गेले. पुढे जे जमले ते लंडन, एडिंबरा, ब्रसेल्स, जिनिव्हा अशा अनेक ठिकाणी पांगले. वॉलिकने १८२८ पासून कंपनीचा प्रचंड वनस्पतिसंग्रह क्रमांक देऊन युरोपभर वाटला, त्यात नऊ हजारांहून अधिक क्रमांक आहेत. पण एकाच क्रमांकाखाली वेगवेगळ्या ठिकाणांहून वेगवेगळ्या लोकांनी गोळा केलेले नमुने अक्षरे देऊन एकत्र ठेवलेले असतात. क्रमांक एक म्हणून नमुना एक, असे धरून चालणाऱ्याची तिथे फसगत ठरलेली. नमुन्यांखेरीज रॉक्सबर्गने भारतीय चित्रकारांकडून काढून घेतलेली अडीच हजारांहून अधिक रंगीत चित्रे आहेत. त्यांचा एक संच हावड्याच्या वनस्पती उद्यानातील संग्रहात आणि दुसरा लंडनजवळच्या क्यू उद्यानात आहे. या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण आज अनेक भारतीय वनस्पतींची नावे त्यांच्याच कुंचल्याच्या आधाराने उभी आहेत.

आता समजा रॉक्सबर्गचे म्हणून सिद्ध होणारे एकाहून अधिक नमुने समोर आले, तर निवडायचा कोणता? सरांचा कल मिश्र कणसाच्या नमुन्याकडे होता, कारण त्यात नर आणि मादी दोन्हींची लक्षणे एकत्र दिसतील आणि ओळख सोपी होईल. मी विरोध केला. लागवडीतली मिरी बहुतांशी द्विलिंगी असते आणि रानातली बहुतांशी विभक्तलिंगी, हे आज सर्वमान्य आहे. रॉक्सबर्गच्या मळ्यातल्या ज्या वेलींची मिरी मलबारच्या तोडीची ठरली त्या मिश्र कणसांच्या होत्या. त्या वेली मुळात नेहमीच्या मिरीच्याच वंशातल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्यांपैकी एखादीचा नमुना लेक्टोटाइप केला, तर पायपर ट्रायोइकम हे नाव पायपर नायग्रममध्ये कायमचे बुडेल आणि डोंगरातल्या रानवेलीला त्या नावाचा आधार उरणार नाही. नर नमुना निवडला तर नाव बुडणार नाही, पण छदाची वाटी आणि फळ दिसत नसल्यामुळे ते लटकत राहील. डोंगरातून आणलेल्या मादी वेलीचा नमुना निवडला, तरच नाव त्याच्या मूळ वर्णनातल्या पहिल्या आणि मुख्य गोष्टीला, म्हणजे दऱ्यांमधल्या त्या रानमिरीला, चिकटून राहते. मूळ वर्णनात तिन्ही प्रकार येत असल्यामुळे यांपैकी कोणतीही निवड नियमबाह्य नाही. आणि म्हणूनच निवडणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे, कारण एकदा रीतसर प्रसिद्ध झालेली निवड पुढच्या सर्वांना पाळावी लागते.

सर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मला तो तिखटपणाचा उतारा पुन्हा वाचायला सांगितला, आणि वाचून झाल्यावर म्हणाले, "ठीक आहे. मादीचा नमुना. पण तो डोंगरातलाच आहे हे नमुन्यावरच्या चिठ्ठीवरून सिद्ध झाले पाहिजे, तुमच्या इच्छेवरून नव्हे." ही अट मी मनापासून मान्य केली.

शुक्रवार

नमुने दाबण्याचे काम केले. बाहेर दिवसभर पाऊस असल्यामुळे ब्लॉटिंग पेपर सारखे बदलावे लागले. काकूंनी दुपारी तर्री पोहे केले, तेवढीच विश्रांती.

दुपारनंतर आमच्यात आणखी एक मतभेद झाला. मूळ सामग्रीतला नमुना अपुरा ठरला, किंवा केवळ चित्रच हाती आले आणि त्यावरून छदाची ठेवण नक्की करता आली नाही, तर त्याच्या आधाराला एपिटाइप, म्हणजे अर्थ स्पष्ट करणारा पूरक नमुना, नेमता येतो. नागपूरच्या शेडनेटमधल्या मादी वेलीला आत्ता फुले आहेत, ती दाबून हाच एपिटाइप का करू नये, असे विद्यार्थिनीने विचारले, आणि तिचा प्रश्न अगदी योग्य होता. पण प्रारूप जिवंत वनस्पती असू शकत नाही, तो कायम जतन केलेला नमुनाच असावा लागतो. आणि इथे दाबलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर आम्हाला प्रामाणिकपणे लिहावे लागेल ते असे : 'नागपूर, शेडनेटमध्ये वाढवलेली, मूळ कांडी गोदावरीच्या उत्तरेकडील डोंगरांतून.' सामलकोटच्या उत्तरेचा डोंगर आणि ही चिठ्ठी यांच्यामध्ये विदर्भाचा उन्हाळा, वेगळी माती आणि फवाऱ्यांचे पाणी येते. शिवाय या नमुन्याला पिकलेले फळ नाही, आणि नर वेलीशेजारी ठेवूनही ते धरेल की नाही याची खात्री नाही. माझ्या मते एपिटाइप डोंगरातच, मूळ ठिकाणाच्या शक्य तितक्या जवळ गोळा केला पाहिजे, फळे पिकण्याच्या काळात, आणि त्याच वेलीवर आधीच्या सप्टेंबरात खूण बांधून फुलांचाही नमुना घेतला पाहिजे.

सरांना हे पटायला वेळ लागला. या वेली जगवण्यात त्यांनी जे कष्ट घेतले आहेत ते पाहता ते साहजिकही होते. अखेर नागपूरचे नमुने पूरक पुरावा म्हणून सार्वजनिक वनस्पतिसंग्रहात जमा करायचे आणि लेखात त्यांची छायाचित्रे द्यायची, असे ठरले. ताज्या मादी फुलाच्या छदाचे इतके स्वच्छ चित्र जुन्या वाळलेल्या नमुन्यांतून मिळणे कठीण आहे, त्यामुळे त्यांचे मोल कमी होत नाही.

शनिवार

गाडी दुपारची होती. सकाळी लेखाचा आराखडा मांडला. लेक्टोटाइप नेमताना नेमका शब्द आणि 'येथे नेमला आहे' या अर्थाचे वाक्य लिहिणे १ जानेवारी २००१ पासून बंधनकारक आहे. ते राहिले तर सगळी निवड निष्फळ ठरते, म्हणून तो भाग आधीच लिहून ठेवला आणि नमुन्याची जागा कोरी सोडली. त्यानंतर पाहायच्या संग्रहांची क्रमवारी लावली. पहिले हावडा, कारण तिथली चित्रे आणि नमुने दोन्ही हातात घेऊन पाहता येतील; पडद्यावरच्या प्रतिमेत चिठ्ठीमागचे लेखन दिसत नाही आणि नेमका तोच पुरावा आम्हाला हवा आहे. मग लंडन आणि एडिंबरा येथील प्रतिमा मागवायच्या, ब्रसेल्स आणि जिनिव्हाच्या नंतर.

डोंगरात जाण्यासाठी पुढचा मार्च ठरवला आहे. वनखात्याकडे करायच्या अर्जाचा मसुदा विद्यार्थिनी लिहीत आहे. त्यात नर आणि मादी वेलींच्या नमुन्यांची स्वतंत्र नोंद करायची, प्रत्येकाला वेगळा संकलन-क्रमांक द्यायचा आणि मिश्र कणसाची वेल रानात कुठे आढळलीच, तर ती वस्तीपासून, जुन्या मळ्यापासून किंवा कॉफीच्या बागेपासून किती अंतरावर आहे हे लिहायचे, असे सरांनी तिला स्टेशनवर निघण्याआधी सांगितले.